घोट्याची कात

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पाकीट हातात घेताच तू ते दाबून बघितलं असणार, आत काय मऊ लागतंय म्हणून. घाबरू नकोस, कात आहे. संघातल्या एका मुलीच्या घोट्यावरची, आज दुपारचा सराव संपल्यावर काढलेली, तुझ्या भाषेत ताजी. पोस्टातल्या बाईंना मी 'कापडी वस्तू' असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी पाकीट चिमट्यात धरून परत दिलं असतं.

शाळेत असताना, तू संघाला पट्ट्या बांधायचीस तेव्हा, मी तुझ्या खोलीच्या कोपऱ्यात बसून या काती गोळा करायचे, आठवतं ना? घोट्यावर गुंडाळलेली टेप कापून काढली तरी तिचा आकार तसाच राहायचा. पोकळ घोटे नुसते रांगेत उभे. सापाने टाकावी तशी पायाने टाकलेली कात, असं तू म्हणायचीस. मग एकेक उचलून सांगायचीस की ही उडी मारून उतरताना एका बाजूला कलते, हिची टाच बुटात घसरते, आणि ही बाई आज पळालेलीच नाही, पाणी पीत बाकावर बसली होती. मला ती जादू वाटायची. आता तुझ्याच टेबलामागे उभं राहून रोज डझनभर काती काढते, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

खोली आहे तशीच आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, अर्धी जमिनीत, आणि खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसतात. शिट्टीसाहेब अजून प्रशिक्षक आहेत आणि अजून दारावर न टकटकता शिट्टी वाजवून आत येतात. अर्ध्या मुली मात्र तुझ्या वेळच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात मी एकीला इतकं आवळलं की तिची बोटं जांभळी पडली. तेव्हापासून कानाला खडा. पट्टी झाली की अंगठ्याचं नख दाबते, ते पांढरं होऊन पुन्हा गुलाबी झालं तरच तिला टेबलावरून उतरू देते. दुसरीच्या टाचेखाली टेपला एक चुणी राहिली, तिला हा एवढा फोड आला. तिने काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून ती माझ्याकडे मीच तो फोड असल्यासारखी बघते.

आता मुद्द्याचं. जिची कात पाठवली आहे तिचं नाव विचारू नकोस, मी शब्द दिलाय. घोटा दुखतोय म्हणते. किती, तर 'जरा'. दर वेळी आणखी घट्ट बांध म्हणते, आणि काढताना टॉवेल दातात धरते. डॉक्टरकडे चल म्हटलं की फायनल झाल्यावर जाऊ म्हणते. फायनल या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. तोवर पट्टीवर निभेल की पायाचं काही भलतंच होऊन बसेल, हे मला कळत नाहीये आणि रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. कात बघून सांग.

तुझी टिल्ली मजेत आहे. तू तिचा विषय काढत नाहीस म्हणून मीही काढत नाही.

तुझी,
चिकटपट्टी


९ फेब्रुवारी

चि. चिकटपट्टीस,

आशीर्वाद शेवटी, आधी बोलणी खा. कापडी वस्तू म्हणे. तुझं पाकीट खालच्या लाँड्रीत पडलं, आणि लाँड्रीवाला ते घेऊन वर आला व हे धुवायचंय की नुसती इस्त्री, असं विचारू लागला. मी त्याला काय आहे ते सांगितलं. तेव्हापासून तो माझे टॉवेल वेगळे धुतो.

इस्त्रीची गरज नव्हतीच. पोस्टाने तुझी कात अशी चपटी केली होती की तिला घोट्याचा आकार आहे हे मला आठवून ठरवावं लागलं. टेबलावर पसरली, दिवा ओढला आणि वाचली. तू विसरली असशील म्हणून कसं वाचायचं ते पुन्हा सांगते. आधी छेद बघायचा. आपल्या खोलीत कात्री नेहमी आतल्या बाजूने जाते, कारण घोटा मुरगळतो तो बाहेरच्या बाजूला, आणि दुखऱ्या जागेवरून कात्री न्यायची नाही. टाच माझ्याकडे आणि बोटं पलीकडे धरली तर छेद आला उजव्या हाताला. ती आतली बाजू, म्हणजे पाय डावा. समोरची अखंड बाजू ती बाहेरची, आणि तिथल्या पट्ट्या ताण खाऊन पार दोऱ्या झाल्यात. म्हणजे डावा घोटा, बाहेरून मुरगळलेला. साधा आहे गं. असे मी आयुष्यात पोत्याने बांधलेत.

पायाचा काटकोन करून घे. पट्ट्या आतल्या बाजूने सुरू कर, तळव्याखालून ने आणि बाहेरून वर ओढ, ओढताना हात आखडू नकोस. सरावानंतर बर्फ. फायनल खेळू दे तिला, आणि तू झोप काढ.

आता एक गोष्ट सांगते आणि विषय मिटवते. कात उघडली तेव्हा पहिल्यांदा टाच दिसली. अरुंद, मागे जरा निमुळती. टिल्लीच्या बापाची टाच तशी होती आणि टिल्लीने ती उचलली. मी खुर्ची ओढून बसले. तुला माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच टेबलावर तिने उजवा पाय पुढे केला आणि मी पट्टी बांधायला नकार दिला. घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा पुढे, होडीसारखं एक हाड असतं, त्यावर मी अंगठा ठेवला आणि पोरगी दचकली. मला तेवढं पुरे होतं. त्या हाडाला रक्त मुळात कमी पोचतं. एकदा चीर गेली की भरता भरत नाही, आणि काहींचा खेळ तिथेच संपतो. मी शिट्टीसाहेबांना सांगितलं, तिला बसवलं, निवड चाचणी हुकली. पाय मात्र बरा झाला. मी आजही नाहीच म्हणेन. पण ती दारातून जाताना म्हणाली, "तुला पाय दिसतो, आई. मी दिसत नाही." त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, हो जेवले, एवढंच.

तर टाच बघून हे सगळं वर आलं. मग छेद बघितला, पाय डावा निघाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीचा घोटा आहे म्हणून मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन लाँड्रीवाल्याला चहा पाजला. चांगल्या बाईला शोभणारं नाही हे, पण तुझ्यापाशी काय लपवायचं.

अनेक आशीर्वाद.
मावशी


१३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. खूप छान वाटलं. लाँड्रीवाल्याचं वाचून हसले. इकडे सगळं ठीक आहे, थंडी कमी होतेय, शिट्टीसाहेबांना नवीन शिट्टी मिळाली आहे, ती जुनीपेक्षा वाईट आहे.

त्या मुलीचं ठीकच म्हणायचं. तू सांगितलंस तशी पट्टी मी अजून बांधलेली नाही. म्हणजे बांधणार होते, पण मग म्हटलं एकदा विचारून घ्यावं. माझा एक अभ्यासाचा प्रश्न आहे. समजा एखादीला बाहेर दुखत नसून आतल्या बाजूला दुखत असेल, तर पट्ट्या उलट्या दिशेने ओढायच्या का? आणि समजा पाय डावा नसून दुसरा असेल, तर त्याने काही फरक पडतो का? हे नुसतं आपलं ज्ञान वाढावं म्हणून विचारतेय.

आणखी एक, तेही नुसतंच. तू म्हणतेस की दुखऱ्या जागेवरून कात्री न्यायची नाही. मी तो नियम अगदी काटेकोरपणे पाळते. म्हणजे समजा दुखणं आतल्या बाजूला असेल तर मी बाहेरून कापते. बरोबर आहे ना?

तू लाँड्रीवाल्याला चहा पाजलास हे वाचल्यापासून मला जेवण जात नाहीये. का ते विचारू नकोस.

तुझी,
चिकटपट्टी


१६ फेब्रुवारी, कुरिअरने

चिकटपट्टी,

काल संध्याकाळपासून फोन लावून लावून थकले. तू उचलत नाहीस. घाबरून उचलत नाहीस हे मला कळतं, लहानपणी बरणी फोडली की तू अशीच पलंगाखाली जाऊन बसायचीस आणि हाक मारली की श्वास धरायचीस. म्हणून हे कुरिअरने. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

तुझं 'समजा' मी तू बोबडं बोलत होतीस तेव्हापासून ओळखते. पत्र वाचलं, कात पुन्हा काढली, छेद बाहेरच्या बाजूला आहे असं धरून पुन्हा पसरली. सगळं फिरलं. पाय उजवा. ताण खाल्लेली बाजू आतली. ती टाच जिची वाटली तिचीच.

मला त्या दिवशी कळायला हवं होतं. तळव्याची कमान आतल्या बाजूला असते, आणि कितीही चपटी झाली तरी तिची खूण कातीवर राहते. ती होती. मी बघितली नाही. छेद दिसला, डावा पाय असं मनाने म्हटलं, आणि पुढे बघायचंच नव्हतं मला. नवशिकी पोरगी हे करती तर तिला मी तासभर झापलं असतं.

तुझ्यावर रागावलेली नाही. आहे, पण ते नंतर. माझ्या सांगण्याप्रमाणे पट्टी बांधली नाहीस हे फार चांगलं केलंस. आतून बाहेर ओढली असतीस तर कमान खाली बसली असती आणि सगळा भार नेमका त्या हाडावर गेला असता. तिथे तुझं डोकं माझ्यापेक्षा नीट चाललं, हे लिहून देते, जपून ठेव.

आता ऐक. तिला टेबलावर बसव. घोट्याच्या आतल्या उंचवट्यावरून दोन बोटं पुढे आणि जरा वर ये, अंगठा ठेव आणि दाब. मग त्याच एका पायावर तिला उडी मारायला सांग, एकच. दोन्हीपैकी एकाने जरी ती कळवळली तरी पट्टीचा रोळ कपाटात ठेवून दे आणि कपाटाला कुलूप लाव. एक पाऊल टाकू द्यायचं नाही. हाडांच्या डॉक्टरबाईंकडे ने आणि स्कॅन करून घे. साध्या एक्स-रेने भागणार नाही, त्यात ती चीर लपते. नुसती सूज असली तर ती उतरते. चीर असली तर देव जाणे.

ती चिडेल. तू शब्द दिलास आणि मोडलास असं म्हणेल, तुझ्याशीही बोलणं टाकेल. तेव्हा तू तिला सांग की मी काही बोलले नाही, आईने कातीवरून ओळखलं. ते खरंच आहे. राग माझ्यावर येऊ दे. माझ्यावर तो आधीच आहे, त्यात आणखी थोडा घातला तर मला कळणारही नाही. तुमचं दोघींचं बिनसता कामा नये. तिच्याजवळ तिथे तू आहेस, मी नाही.

फोन उचल.
मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

फोनवर मी नुसती रडले आणि तू नुसतं 'बरं, बरं' म्हणालीस, तेव्हा काय झालं ते नीट लिहिते.

टिल्ली नेहमीसारखी सरावाआधी आली, टेबलावर बसली, मोजा काढला आणि उजवा पाय माझ्यासमोर धरला. मी टेपखाली लावायचा फोम घेतला, ठेवला. टेप घेतली, ठेवली. ती म्हणाली, आज काय झालंय तुला. मी अंगठा ठेवला, तू सांगितलंस तिथे. ती ओरडली नाही. टेबलाची कड धरली, आणि कडेला तिच्या घामाची बोटं उमटली. मग मी कपाटाला कुलूप लावलं. किल्ली कुठे ठेवू ते सुचेना म्हणून बुटात टाकली आणि दिवसभर लंगडत फिरले. संघाची पट्टीवालीच लंगडतेय म्हणून मुली हसत होत्या.

ती जी चिडली ती काय सांगू. आईवरच गेलीस अगदी, म्हणाली, आता तूही मला बसवणार. तिच्या पिशवीत टेपचा एक रोळ होता, तो काढून तिने आपला पाय आपणच गुंडाळला. मावशी, तू बघितलं असतंस तर तुला चक्कर आली असती. चुण्याच चुण्या. मग उतरली आणि म्हणाली, बघ, काही होत नाही मला, आणि त्या पायावर उडी मारली. खाली आली ती जमिनीवरच बसली. तोंड पांढरंफटक. खिडकीबाहेरून लोकांचे पाय चाललेले आणि आम्ही दोघी आत जमिनीवर.

मग तिने विचारलं की आईला कुणी सांगितलं. मी म्हटलं कातीने. सगळं सांगितलं. मी बाहेरून कापली, तू आतून कापली असं समजलीस, तुला तो डावा पाय वाटला, आणि तू चूक वाचलंस.

तिचा विश्वासच बसेना. "आई चुकली?" म्हणाली. "कात वाचताना?"

मी म्हटलं, हो, आणि चुकून इतकी खूश झाली की खाली जाऊन लाँड्रीवाल्याला चहा पाजून आली. तुझं ते पत्र माझ्या खणातच होतं. वाचून दाखवलं. खुर्ची ओढून बसलीस ते, दुसऱ्या कुणाच्या लेकीचा घोटा म्हणून आनंद झाला ते, सगळं. ते तुझं-माझं खाजगी होतं हे मला माहीत आहे. रागाव हवं तर.

तिने ते पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. मग रडली. दोन वर्षांत मी तिला रडताना बघितलेलं नाही, निवड चाचणीच्या वेळीही नाही. म्हणाली, मला वाटायचं तिला फक्त बरोबर ठरायचं असतं. म्हणाली, ती बरोबर होती हेच मला सहन होत नव्हतं, चूक असती तर केव्हाच भांडून मोकळी झाले असते. मग नाक पुसलं आणि म्हणाली, चल डॉक्टरबाईंकडे, आणि ही असली पट्टी आधी काढ, आईला कळलं तर माझं काही खरं नाही. दोन्ही बाजूंना इतक्या चुण्या होत्या की कात्री नेमकी कुठून न्यायची हे मला ठरवता येईना.

शिट्टीसाहेबांना तिने स्वतः सांगितलं. त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि बरं म्हणाले, एवढंच. आज सकाळी स्कॅन झालं. निकाल परवा आहे. डॉक्टरबाईंनी तोवर कुबड्या दिल्या. टिल्ली माझ्या पलंगावर पाय उंच करून पडली आहे आणि छताकडे बघतेय. तुला फोन करू का विचारलं तर म्हणाली, निकाल येऊ दे, मग मी करीन.

मी करीन असं म्हणाली. मुद्दाम सांगतेय.

तुझी,
चिकटपट्टी


२३ फेब्रुवारी

चि. चिकटपट्टीस,

काल दुपारी फोन वाजला. मी लाँड्रीत होते, वर धावत आले, या वयात जिन्यावरून धावणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही अजून. उचलला. टिल्ली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट म्हणाली, "आई, चीर नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, ऐकू येतंय का, सूज आहे, चीर नाही, दीड महिना जाड बूट घालायचा, भार टाकायचा नाही आणि मग हळूहळू खेळायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या की फायनल खेळले असते तर वेगळी गोष्ट झाली असती. मी खुर्ची ओढायला फोन टेबलावर ठेवला. मग ती घाबरली, आई, आई करायला लागली. मी जेवलीस का असं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही. तिकडून ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला, आणि मग मीही हसले, आणि मग दोघी रडलो, आणि खाली लाँड्रीवाल्याला वाटलं वरती कुणी गेलं. तो वर आला. त्याला पुन्हा चहा.

मागच्या वेळी जीव भांड्यात पडला असं लिहिलं होतं ते भांडं फुटकं निघालं. या वेळी नीट बघून घेतलंय. आज सकाळी उठले तर खांदे खाली आले होते. ते दोन वर्षं वर होते हे मला कळलंही नव्हतं.

पत्र वाचून दाखवलंस म्हणून रागावले नाही. हे आयुष्यात पहिल्यांदाच होतंय, तेव्हा याची सवय लावून घेऊ नकोस. एक मात्र यापुढे लक्षात ठेव. छेद कुठूनही घे, पण टेपवर पेनाने पाय कोणता ते लिहीत जा. मी काय, कुणीही चुकू शकतं.

टिल्लीला पाय उंच ठेवायला दोन उशा लागतात, एक नाही, आणि टाच हवेत राहिली पाहिजे. तिला ते जमणार नाही. मी परवाच्या गाडीने येतेय. तिला सांगू नकोस, नाहीतर नको म्हणेल.

अनेक आशीर्वाद.
मावशी


१९ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

तू गेल्यापासून घर शांत झालं आहे. उशा मी आता मला हव्या तशा ठेवते. दोनच ठेवते, पण ते मला हवं म्हणून.

तू असताना बोललो नाही ते लिहून टाकते, समोर असलीस की तू मध्येच पाय बघायला लागतेस. फायनलला मी कुबड्या घेऊन बाकावर बसले होते आणि आपण जिंकलो. मला आधी आनंद झाला, मग राग आला. माझ्याशिवाय जिंकतात म्हणजे काय. शिट्टीसाहेबांना तसं म्हटलं तर ते म्हणाले की तू असतीस तर जास्त लवकर जिंकलो असतो. एवढं गोड ते कधी बोलत नाहीत, बहुतेक तू त्यांना काहीतरी सांगितलं असणार.

गेल्या सोमवारी पहिल्यांदा मैदानावर उतरले तेव्हाचं मी विसरणार नाही. मी टेबलावर, पाय काटकोनात. तुझे अंगठे टेप फाडायला नाही म्हणतात, म्हणून चिकटपट्टी एकेक पट्टी फाडून तुझ्या हातात देतेय आणि तू चिकटवतेस आणि तिला म्हणतेस, लांब फाड, आणखी लांब, कंजूषपणा करू नकोस. दोन वर्षांपूर्वी जेव्हा तू बांधायला नाही म्हणालीस तेव्हा मला वाटलं होतं की या हातांकडून मी पुन्हा कधीच पट्टी बांधून घेणार नाही. सोमवारी तू अंगठ्याचं नख दाबलंस, पांढरं झालं, गुलाबी झालं, आणि तू माझ्याकडे बघितलंस. पायाकडे नाही, तोंडाकडे. आई, ते मला दिसलं.

तू गाडीत बसलीस त्यानंतरच्या सरावाला चिकटपट्टीने अगदी तुझ्यासारखी पट्टी बांधली. पूर्ण सराव केला, उड्यांसकट, एकदाही थांबले नाही. दुखलं नाही. म्हणजे जरासुद्धा नाही, माझं ते नेहमीचं 'जरा' नाही. पण तुझा माझ्या शब्दावर विश्वास बसणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून कात पाठवतेय. आतून कापली आहे. उजवा पाय असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. बघ आणि सांग.

तुझी,
टिल्ली


२४ एप्रिल

चि. टिल्लीस,

लाँड्रीवाल्याने पाकीट दोन बोटांत धरून आणून दिलं आणि म्हणाला, आला का तुमच्या लेकीचा पाय. त्याला आता सगळं पाठ आहे.

कात बघितली. चष्मा लावून बघितली, काढून बघितली, खिडकीत उजेडाकडे धरून बघितली. छेद आतला, पाय उजवा, तू लिहिलं नसतंस तरी या वेळी मी चुकले नसते, कमान आधी शोधली. आतल्या बाजूच्या पट्ट्या लावल्या तशाच आहेत. एक दोरा सुटलेला नाही, कडा सरळ, टाच घसरलेली नाही. बाहेरची बाजूही तशीच. तू उड्या मारल्यास असं म्हणतेस म्हणून मानते, नाहीतर ही बाई बाकावर बसून पाणी पीत होती असंच मी म्हटलं असतं. दिवसभर त्या कातीत काहीतरी सापडेल म्हणून बघत बसले. काही सापडलं नाही. इतक्या वर्षांत इतकी रिकामी कात माझ्या हातात आलेली नाही, आणि मी ती टेबलावर ठेवून समोर बसून मस्त जेवले.

पाय बरा आहे. दोन आठवडे आणखी पट्टी बांध, मग हळूहळू सोड. चिकटपट्टीला सांग हात बसलाय तिचा, पण टाचेच्या मागची पट्टी केसभर तिरकी आहे. हे सांगितलं नाही तर तिला करमणार नाही.

आणि पुढच्या वेळी कात पाठवू नकोस. तू ये. पाय काय, तुझ्याबरोबर येईलच.

अनेक आशीर्वाद.
आई